पॅरिसचे कापड, लंडनचा शिंपी आणि माळव्यातील मराठी वाडे

फ्रेंच स्त्रीला वेषभूषेची जाण उपजतच असते आणि इंग्रज स्त्रीला ती शिकवूनही येत नाही, असे एक मत युरोपात फार दिवसांपासून रूढ आहे. त्यातले नवल एवढेच की, ते इंग्रजांनीही जवळजवळ मान्य करून टाकले आहे. आपल्या आरमारापासून आपल्या धुक्यापर्यंत कशाचेही समर्थन करावयास सिद्ध असणाऱ्या या लोकांनी स्त्रियांच्या पोशाखाच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याची थोरवी मुकाट्याने पत्करलेली दिसते. ही कीर्ती कमावलेली आहे की नुसतीच चालत आलेली आहे, हे ठरवावयाचे तर पॅरिसचा साक्षीदार उपयोगी नाही आणि लंडनचाही नाही. साक्षीदार तिऱ्हाईत हवा. दोन्ही माल विकत घेण्याइतका सधन हवा. आणि त्याच्यापाशी स्वतःची अशी वस्त्रपरंपरा हवी, म्हणजे तो दिपून जाणार नाही. असा साक्षीदार माळव्यात भेटतो, आणि तो मराठी बोलतो.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांनी माळव्यात पाय रोवले. धार एका शाखेकडे गेले. देवास तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांकडे आले आणि त्यांच्या वंशात एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदू लागली. या दोहोंच्या मध्ये इंदूरला होळकर. मुलूख माळवी बोलणारा. परंतु वाड्यातील बोली मराठी, कुलाचार मराठी आणि स्त्रियांचे नेसणे नऊवारी. उंची लुगडी यावयाची ती चंदेरीची, नाही तर नर्मदाकाठच्या महेश्वरची. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला राजधानी केली तेव्हा तेथे विणकरांना आश्रय दिला. घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडावरील नक्षी लुगड्याच्या काठात उतरली, ती आजही तेथे विणली जाते. तात्पर्य, या घराण्यांतील स्त्रियांना कापड म्हणजे काय हे सांगावयास युरोपातून कोणी यावे लागणार नव्हते.

१८१८ नंतर माळव्यावर इंग्रजांचा अंमल बसला आणि पोशाखाच्या बाबतीत पुरुषांची व स्त्रियांची वाट वेगळी झाली. राजेलोकांचा पोशाख हा एकाएकी सरकारी विषय बनला. दरबारात कोणी काय घालावे, साहेबाच्या भेटीला जाताना जोडे काढावेत की न काढावेत, यावर खलिते लिहिले जात. १८८२ मध्ये इंदूरला डेली कॉलेज निघाले. तेथे मध्य हिंदुस्थानातील राजपुत्र क्रिकेट खेळू लागले, घोड्यावर इंग्रजी खोगीर चढवू लागले, आणि खेळाबरोबर खेळाचे कपडे आलेच. कोट, जाकीट, पाटलोण, बूट, कॉलर, टाय हे शब्द आपल्या भाषेत आले ते या मार्गाने. ते सारे इंग्रजी आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुरुषाचा कपडा बेतावा आणि शिवावा तर इंग्रजानेच, ही गोष्ट फ्रेंचांनासुद्धा कबूल होती. इंग्रजांच्या घोडेस्वारीच्या कोटाचे नावच मुळी फ्रेंचांनी उचलले आणि आपल्या उच्चाराप्रमाणे त्याचे ‘रेदँगोत’ करून टाकले.

या देवाणघेवाणीचा उलटा प्रवासही देवासात एकदा घडला. इंग्रज कादंबरीकार ई. एम्. फॉर्स्टर हा १९१२ च्या डिसेंबरात देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे प्रथम आला, आणि पुढे १९२१ मध्ये काही महिने त्यांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात, पहिल्या भेटीत वाड्यावरील मेजवानीसाठी त्याला कसे नटविण्यात आले, याचे गमतीदार वर्णन आहे: पांढऱ्या मलमलीचा चोळणा, त्यावर सोनेरी काठाचा गडद तांबडा रेशमी अंगरखा आणि डोक्याला मराठी पागोटे. त्या कपड्यांत त्याला फार सुख वाटले, हे त्याच्या लिहिण्यावरून स्पष्ट दिसते. याच तुकोजीरावांचा पुढे खजिना रिता झाला, इंग्रज सरकारची मर्जी उडाली, आणि १९३३ मध्ये ते देवास सोडून गेले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत. तेथेच १९३७ मध्ये त्यांचा अंत झाला. इंग्रजी पुरुषवेषाचा आद्य आचार्य समजला जाणारा बो ब्रमेल हाही १८१६ मध्ये सावकारांना चुकवून फ्रान्सलाच पळाला होता आणि तेथेच वारला. इंग्रजांशी बिनसल्यावर फ्रेंचांचा आसरा घ्यावयाचा, ही रीत निदान जुनी होती.

स्त्रियांची गोष्ट निराळी. त्या पडद्यात होत्या. रेसिडेंटसाहेबाची दृष्टी जनानखान्यापर्यंत पोचत नव्हती आणि राणीसाहेबांनी काय नेसावे यावर खलिता येत नव्हता. पडद्याने स्त्रियांचे किती नुकसान केले याचा हिशेब येथे मांडण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट घडली. पुरुषांनी इंग्रजी कपडा घेतला त्यात आवडीइतकीच सक्तीही होती. स्त्रियांनी जे घेतले ते राजी-खुशीने घेतले. म्हणून या खटल्यात त्यांची साक्ष अधिक मोलाची.

ती साक्ष देवासच्याच एका मुलीपासून सुरू होते. देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना दिल्या गेल्या आणि महाराणी चिमणाबाई झाल्या. पतीबरोबर त्यांनी युरोपच्या अनेक वाऱ्या केल्या. लंडन पाहिले, पॅरिस पाहिले. १९११ मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथाच्या एक लेखिका झाल्या. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. एवढे सारे पाहून आणि करूनही त्यांचे नेसणे नऊवारीच राहिले. पॅरिसचा झगा त्यांनी अंगावर चढविला नाही आणि लंडनचाही नाही. या दोन्ही राजधान्यांनी हे लक्षात घ्यावयास हवे होते.

त्यांची कन्या इंदिराराजे ही मात्र वेगळ्या घडणीची. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेला विवाह तिने स्वतः पत्र लिहून मोडला आणि १९१३ मध्ये लंडनला कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केले. कुचबिहारचे घराणे ब्राह्मसमाजी केशवचंद्र सेनांच्या कन्येचे सासर. त्या वर्तुळात खांद्यावरून पदर सोडून साडी नेसण्याची नवी पद्धत आधीच रुळली होती. १९२२ मध्ये इंदिरादेवींना वैधव्य आले. पुढे त्यांनी पांढऱ्या शिफॉनची साडी नेसावयास आरंभ केला. हे कापड फ्रान्समधून येई. शिफॉनची साडी रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच देण्यात येते, आणि त्यांच्या कन्या, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी ती आणखी दूरवर नेली. पादत्राणे मात्र इंदिरादेवींनी मागविली ती इटलीतील फेरागामोकडून, आणि मागविली ती एकदम शंभर जोड.

शिफॉन या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘चिंधी’ असा आहे. राजघराण्यातील स्त्रियांनी हौसेने चिंधी नेसावी, हा शब्दांचा विनोद. परंतु त्या चिंधीमागे मोठी कारागिरी होती. या कापडाचे रेशमी धागे अतिशय पीळदार असतात, आणि काही धाग्यांना उजवा पीळ तर काहींना डावा. त्यामुळे कापड वजनाला काहीच नसते, पण नुसते लोंबकळत नाही. त्याच्या चुण्या पाण्यासारख्या उतरतात. गाऊनसाठी विणलेल्या या कापडाचे खरे चीज न बेतलेल्या, न शिवलेल्या वस्त्रात झाले. मात्र त्याची कास घालता येत नाही. कासोट्याला अंगाचे, भक्कम कापड लागते. शिफॉन निसटते आणि आरपार दिसते. तेव्हा आत परकर आला, नऊ वारांचे पाच-सहा वार झाले. काठ तेवढा येथलाच राहिला, बनारसी जरीचा, वरून शिवलेला. पाहता पाहता ही साडी माळव्यासह बहुतेक संस्थानी घराण्यांत शिरली.

मराठी शब्दांनीच या प्रकरणाची नोंद करून ठेवली आहे. शिफॉन, जॉर्जेट, क्रेप ही कापडांची नावे फ्रेंच. जॉर्जेट तर पॅरिसच्या एका शिवणकामकरणीच्या नावावरून पडलेले. पण साडीवर घालावयाचे जे शिवलेले वस्त्र, ते ‘झंपर’. आणि झंपर हा इंग्रजी ‘जंपर’. म्हणजे जेथे कात्री चालवावयाची तेथे स्त्रियांनीही इंग्रजाचे ऐकले, आणि जेथे कापड निवडावयाचे तेथे फ्रेंचाचे. साक्षीदाराने निकाल जवळजवळ लिहूनच दिला आहे: कीर्ती खरी आहे, पण ती फ्रेंच स्त्रीची नव्हे. ती फ्रेंच कारखान्याची आहे.

इतिहासही हेच सांगतो. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात रेशीम आणि लेस या धंद्यांना राजाश्रय दिला, लियाँ शहर रेशमाचे माहेरघर झाले, आणि १६७५ मध्ये स्त्री-शिवणकारांना स्वतःचा संघ मिळाला. याला उपजत गुण म्हणावयाचे नसते. याला धोरण म्हणतात. १६८५ मध्ये त्याच लुईने प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा अनेक विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये जाऊन बसले आणि इंग्रजांचे रेशीम सुधारले. गुण रक्तात नसून हातात होता, याला आणखी पुरावा कशाला? आणि पॅरिसच्या आधुनिक वेषशिल्पाचा जनक कोण, तर चार्ल्स फ्रेडरिक वर्थ. हा लिंकनशायरमधील बोर्न गावचा इंग्रज. १८५८ मध्ये त्याने पॅरिसला दुकान थाटले आणि सम्राज्ञी यूजेनीला कपडे घातले. पुढे शनेलने इंग्रज पुरुषांचे ट्वीड उचलून फ्रेंच स्त्रियांना दिले. १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर मेरी क्वांटचे दुकान निघाले आणि पुढील दशकात तरुण मुलींनी पॅरिसकडे काही काळ पाठ फिरविली. तरीही १९९६ मध्ये दिओरच्या घराला मुख्य कल्पक हवा होता तेव्हा त्यांनी लंडनमध्ये शिकलेला गॅलियानो आणला. कल्पना कोणाचीही असो, ती पुरी करणारे हात पॅरिसला सापडत. लंडनला हे स्त्रियांच्या कपड्यांत फार काळ साधले नाही, कारण तेथील उत्तम कारागिरी पुरुषांच्या लोकरी कपड्यात गुंतली होती.

देवास आणि धार यांच्या मधोमध, इंदूरला, हा निकाल चित्रांतही पाहावयास मिळतो. यशवंतराव होळकरांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. बेर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने १९२९ मध्ये त्यांचे चित्र काढले ते युरोपीय सायंवेषात. कुंचला पॅरिसचा, पण त्या काळ्या कोटाचे कुळ लंडनचे. चार-पाच वर्षांनी त्याच चित्रकाराने महाराज आणि कागलकर घाटग्यांच्या कन्या महाराणी संयोगिताराजे यांना पुन्हा रंगविले ते मराठी वेषात. या दुसऱ्या चित्रांत जो डौल आहे तो पहिल्यात नाही, असे कोणीही निःपक्षपाती प्रेक्षक म्हणेल.

या साऱ्यात एका साक्षीदाराला कोणी बोलावलेच नाही. तो म्हणजे महेश्वरचा आणि चंदेरीचा विणकर. त्याचे गिऱ्हाईक एकेका वाड्याने कमी होत गेले. चंदेरीत १९३० नंतरच्या दशकात सुती ताण्याच्या जागी जपानी रेशीम आले, कापडाला चमक आली, पण जुना सुती मऊपणा गेला. १९४८ मध्ये संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, आणि पाँडिचेरी फ्रेंचांची राहिली नव्हती तशी शिफॉनही फ्रेंच राहिली नाही. ती देशी गिरण्यांत आणि मग कृत्रिम धाग्यातही निघू लागली. धार जिल्ह्यातील बाघ येथे हीच गोष्ट खालच्या थरात घडली. तेथील खत्री लोक लाकडी ठशांनी तांबडे-काळे कापड छापीत आणि बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धूत. त्या पाण्यातील क्षारांनी रंगाला तेज चढते. त्यांची गिऱ्हाइके भिल्लांसारखी आदिवासी माणसे. १९६० नंतर स्वस्त कृत्रिम कापड बाजारात आले आणि अनेक छापणाऱ्यांनी ठसे गुंडाळून ठेवले. महाराणीची शिफॉन आणि भिल्लिणीचे नायलॉन यांत किमतीचे अंतर आहे. विणकऱ्याच्या आणि छापणाऱ्याच्या घरी मात्र दोन्हींचा परिणाम एकच.

दोन्ही धंदे मेले नाहीत. महेश्वरला १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनीच ‘रेहवा’ संस्था काढून माग पुन्हा चालू केले. बाघचे ठसे परदेशांत पोचले. आणि पॅरिसच्या कारखान्याचे काय झाले? २०२३ च्या मार्च महिन्यात दिओरने आपल्या कपड्यांचे प्रदर्शन भरविले ते मुंबईत, गेटवे ऑफ इंडियासमोर. त्या कपड्यांवरील भरतकाम मुंबईतील कारागिरांच्या हातचे होते.