बायी : एका लष्करी क्रीडासंघाचा उदय आणि अस्त

सैन्य म्हटले की रणांगण, शस्त्रे आणि कवायत यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. चेंडू आणि जाळी या वस्तू त्या चित्रात सहसा नसतात. तथापि चीनमधील बास्केटबॉलचा इतिहास सांगू जाता ज्या संघाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते, तो संघ कोणा शहराचा वा गिरणीमालकाचा नव्हता. तो चीनच्या मुक्तिसेनेचा होता आणि त्याचे नाव होते ‘बायी’. व्यावसायिक साखळी स्पर्धेची आठ अजिंक्यपदे मिळविणारा हा संघ २०२० साली नाहीसा झाला. एवढा बलाढ्य संघ का संपावा, हा प्रश्न केवळ क्रीडाशौकिनांनीच विचार करावा असा नाही.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. चिनी भाषेत ‘बा’ म्हणजे आठ आणि ‘यी’ म्हणजे एक. आठव्या महिन्याचा पहिला दिवस, असा या जोडशब्दाचा बोध. १ ऑगस्ट १९२७ रोजी नानचांग शहरी कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूच्या पलटणींनी उठाव केला. तोच दिवस चिनी सैन्य आपला जन्मदिवस मानते आणि त्याच्या ध्वजावरही हीच दोन अक्षरे झळकतात. ज्या संघाच्या छातीवर असे नाव, त्याचा पराभव हा सैन्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न व्हावा, हे ओघानेच आले.

बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेत १८९१ साली जन्मला आणि अवघ्या चार वर्षांत, १८९५ साली, ख्रिस्ती युवक संघाच्या कार्यकर्त्यांबरोबर तो तिएनजिन बंदरी उतरला. या खेळाला फार साहित्य लागत नाही. सपाट जमीन, दोन खांब, दोन कड्या आणि एक चेंडू एवढ्यावर भागते. त्यामुळे डोंगराळ मुलुखात तळ ठोकून असलेल्या क्रांतिकारक सैन्यात तो सहज रुजला. सेनापती चू तेह यांना त्याची आवड होती. नानचांगच्या उठावातील दुसरे सेनानी हो लुंग यांच्या १२० व्या डिव्हिजनने तर जपानशी युद्ध चालू असतानाही आपला स्वतंत्र संघ बाळगला होता. ही डिव्हिजन ‘आठव्या मार्ग सेने’त मोडत असे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी १९४२ साली देह ठेवीपर्यंत ज्या सेनेची शुश्रूषा केली, ती हीच सेना. पुढे तिचेच मुक्तिसेनेत रूपांतर झाले. राज्यक्रांतीनंतर १९५२ मध्ये राष्ट्रीय क्रीडा आयोग स्थापन झाला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद हो लुंग यांच्याकडेच आले. सैन्याचा मध्यवर्ती क्रीडाविभागही याच सुमारास आकारास आला. बायी संघ हे त्याचेच अपत्य होय.

पुढील चार दशके या संघाला अनुकूल अशीच होती. प्रांतिक संघांना प्रामुख्याने आपापल्या प्रांतातील मुलांवर भिस्त ठेवावी लागे. सैन्याची निवड मात्र साऱ्या देशातून होई. निवडलेल्या मुलास गणवेश, हुद्दा, पोटभर अन्न आणि आयुष्याची शाश्वती मिळे. ज्या समाजव्यवस्थेत सर्वांचे वेतन ठरलेले, तेथे याहून मोठे आमिष कोणते असणार? दोन मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर उंचीचा मू तिएचू हा १९७० च्या दशकातील विख्यात खेळाडू याच संघाचा होता.

१९९५ साली चीनमध्ये व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. संघांना व्यापारी पेढ्यांचा आश्रय मिळाला आणि ‘बायी रॉकेट्स’ या नव्या नावाने सैनिकही मैदानात उतरले. आरंभीचे यश थक्क करणारे होते. १९९६ पासून २००१ पर्यंत सलग सहा वेळा अजिंक्यपद बायीकडे राहिले. ‘युद्धदेव’ म्हणून ओळखला जाणारा ल्यू युडोंग, अचूक फेकीचा ली नान आणि सुमारे सात फूट उंचीचा तरुण वांग चिची हे या संघाचे आधारस्तंभ होते. इतर संघ परदेशी खेळाडू आणीत. बायी मात्र आणू शकत नसे, कारण त्याचा प्रत्येक खेळाडू चिनी सैनिकच असला पाहिजे, हा नियम होता. प्रारंभी ही मर्यादा भूषणच वाटली. केवळ स्वदेशी खेळाडूंच्या बळावर परक्यांची कुमक घेतलेल्यांना नमविणारा संघ, म्हणून त्याचा गौरव होई.

परंतु या तटबंदीची दुसरी बाजू लवकरच दिसू लागली. १९९९ साली अमेरिकेतील डॅलस मॅव्हेरिक्स या संघाने वांग चिचीची निवड केली. सैनिकाने परदेशी जावयाचे तर वरिष्ठांची अनुज्ञा हवी, आणि ती मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ५ एप्रिल २००१ रोजी तो अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळणारा पहिला चिनी खेळाडू ठरला. पुढल्याच वर्षी राष्ट्रीय संघाच्या सरावासाठी परत येण्याची आज्ञा झाली असता, तेथेच राहून आपला खेळ सुधारावा असे त्याला वाटले आणि तो परतला नाही. अन्य खेळाडूच्या बाबतीत हा कराराचा वाद ठरला असता. सैनिकाच्या बाबतीत मात्र तो आज्ञाभंग ठरला. राष्ट्रीय संघातून त्याचे नाव वगळण्यात आले. त्याच शरद ऋतूत बुसान येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने चीनला १०२ विरुद्ध १०० असे हरविले.

चार वर्षांनी, एप्रिल २००६ मध्ये, वांग चिची मायदेशी परतला आणि त्याने जाहीर क्षमा मागितली. ती स्वीकारण्यात आली. त्याच्या पुनरागमनानंतर २००७ साली बायीने ग्वांगडोंगचा पाडाव करून आपले आठवे अजिंक्यपद मिळविले. ते शेवटचेच ठरले.

दरम्यान खेळाचा डाव पालटला होता. २००२ सालीच याओ मिंगच्या शांघाय संघाने बायीची अखंड मालिका तोडली होती; त्या अंतिम फेरीतील एका सामन्यात याओने केलेल्या एकवीस फेकींपैकी एकही वाया गेली नव्हती. ग्वांगडोंगसारखे श्रीमंत संघ होतकरू मुलांना असे वेतन देऊ लागले की त्यापुढे सैन्यातील हुद्द्याचे आकर्षण फिके पडले. परदेशी खेळाडूंचा दर्जा वर्षागणिक वाढत गेला. नव्या रक्ताचा ओघ आटला, जुने खेळाडू थकले, आणि एकेकाळचा विजेता संघ तक्त्याच्या तळाशी दिसू लागला. ज्या शिस्तीचा एवढा अभिमान, तिलाही तडा गेला. १८ ऑगस्ट २०११ रोजी बीजिंग येथे अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाशी झालेला मैत्रीचा सामना ६४–६४ अशा बरोबरीत असताना हाणामारीत संपला.

अखेरचा निर्णय मैदानाबाहेर झाला. २०१५ सालापासून चिनी सैन्याची व्यापक पुनर्रचना सुरू झाली होती. तीन लक्ष सैनिक कमी करण्याची घोषणा झाली आणि सैन्याने पैसे घेऊन बाह्य सेवा देण्याचे व्यवहार बंद करण्यात आले. अशा सैन्याने व्यापारी स्पर्धेत संघ का राखावा, या प्रश्नाला सोयीचे उत्तर उरले नव्हते. सैन्याचा फुटबॉल संघ तर २००३ सालीच मोडीत निघाला होता. निंगबो शहर सोडून रॉकेट्सनी अखेरची काही वर्षे नानचांग येथे, म्हणजे आपल्या नावाच्या उगमस्थानी काढली. ऑक्टोबर २०२० मध्ये संघ स्पर्धेतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्याचा मुख्य शिक्षक होता वांग चिची.

बायीच्या उदयाची आणि अस्ताची कारणे शोधता ती एकाच ठिकाणी सापडतात. खेळाडू हा प्रथम सैनिक, या तत्त्वाने देशभरातील उत्तम मुले एका छत्राखाली आणली आणि त्यांना एकजीव केले. त्याच तत्त्वाने परक्याला आत येऊ दिले नाही आणि आतल्याला मनाजोगे बाहेर जाऊ दिले नाही. खेळ हे राष्ट्राचे कार्य होते तोवर हे निभले. खेळ हा व्यवसाय झाला आणि खेळाडूला स्वतःचे मोल कळले, तेव्हा ते निभेना. आठ अजिंक्यपदांचा लेखा चीनच्या क्रीडेतिहासात कायम राहील. त्याच्या शेजारीच, आज्ञा आणि आकांक्षा यांच्या कात्रीत ऐन उमेदीची वर्षे गमावलेल्या एका खेळाडूचीही नोंद इतिहासाला ठेवावी लागेल.