लष्करचे रस्ते आणि सायकलचा वाली

१८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला. तो तळ पुन्हा हलला नाही; त्याचेच लष्कर शहर झाले. सरदारांची बिऱ्हाडे पडली तिथे मोहल्ले वसले. फालका बाजार, चिटणीस की गोठ, कंपू ही नावे आपण आजही रोज घेतो. जुन्या गल्ल्यांची रुंदी माणूस, घोडा आणि पालखी यांच्या बेताची. पुढे महाराज बाड्याभोवती देखण्या इमारती उभ्या राहिल्या आणि सराफ्याचा प्रशस्त रस्ता दरबारी लवाजम्याला शोभेसा झाला. थोडक्यात, रस्त्यावर ज्याचा अधिकार, त्याच्या वाहनाच्या मापाने रस्ता होई.

दरबारांनाही शहाणा सल्ला मिळत असे. शेजारच्या इंदुरात होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये नगररचनेचा मोठा अहवाल लिहिला. आधी शहर पायी हिंडून पाहावे, मग नकाशाला हात लावावा, ही त्यांची पद्धत.

मोटारी आल्या आणि रस्त्याचा धनी बदलला. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशातील रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. देशाला पक्के रस्ते मिळाले, हे उपकार मोठे. पण पैसा पेट्रोलमधून येत असल्याने विचारही मोटारीचाच होत गेला. सायकलस्वार पेट्रोल भरत नाही, त्यामुळे त्याच्या नावाचे खातेच उघडले नाही.

ज्ञान नव्हते असे मात्र नाही. सायकलमार्ग कसा आखावा याची नियमावली याच रोड्स काँग्रेसने १९६२ मध्ये काढली. मी स्वतः डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत आलेला माणूस आहे. पुस्तकात माप असते, पण ‘हे करा’ असे म्हणणारा कोणी नसेल तर माप पुस्तकातच राहते, हे मी जाणतो.

पुण्याचेच पाहा. एके काळी सायकलींचे शहर म्हणून त्याची ख्याती. २००६ मध्ये बीआरटी आली, तिच्या कडेने सायकलमार्गही झाले. पण ते तुटक राहिले. कुठे डीपी आडवी, कुठे दुकानाच्या पायऱ्या, कुठे उभ्या गाड्या. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. तरी कागदावरची रेघ सलग रस्ता होण्यास फार वेळ लागतो. रस्ता एका खात्याचा, वीज दुसऱ्याची, वाहतूक पोलिसांची. सायकल कोणाचीच नाही.

मग पुढाकार कोणाचा? सल्लागार आराखडा देऊन जातो. आपले ग्वाल्हेर २०१६ मध्ये स्मार्ट सिटी मिशनमध्ये आले आणि मार्च २०२५ मध्ये मिशनची मुदत संपली. रस्ते मात्र इथेच आहेत. म्हणून पुढाकार नगर निगमचाच हवा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगररचना आणि रस्ते ही नगरपालिकांची कामे मानली आहेत. मुख्य म्हणजे नगरसेवकाला आपण दारात गाठून जाब विचारू शकतो. अभियंत्याने माप द्यावे, पोलिसांनी शिस्त राखावी. पण वाट कुठून जावी हे दूधवाला, कोचिंगला जाणारी मुलगी आणि कारखान्यातला कामगार यांना विचारून ठरावे. हॉलंडमध्येही १९७० च्या दशकात रस्त्यावर मुले दगावू लागली तेव्हा आईबापच आधी उठले. नगरपालिका आणि अभियंते नंतर वळले.

ही रीत आपल्याला परकी नाही. विसर्जन मिरवणुकीचा मार्ग ठरवताना मंडळे, निगम, पोलीस आणि वीज खाते एकत्र बसतात. तार कुठे लोंबते, खड्डा कुठे आहे, हे सांगतो तो मिरवणुकीत चालणारा कार्यकर्ता. एका दिवसासाठी जे जमते, ते वर्षभर शाळेला सायकलवर जाणाऱ्या लेकरांसाठी का जमू नये? यंदाच्या उत्सवात आपल्या समाजाने आपापल्या वॉर्डातील शाळेच्या वाटा सायकलने फिरून पाहाव्यात, अडचणींची यादी करावी आणि ती नगरसेवकाच्या हाती द्यावी. विघ्नहर्त्याच्या दारी हेही एक विघ्न मांडायला हरकत नाही.