निसर्गोपचार केंद्रात प्रथमच जाताना : नव्या रुग्णांनी जाणून घ्यावयाच्या बाबी

चरोदा (जि. दुर्ग, छत्तीसगड) : मातीची पट्टी, कटिस्नान, बाष्पस्नान, मालीश, उपवास आणि पथ्याचा आहार यांच्या साहाय्याने, औषधांविना उपचार करणारी पद्धती म्हणजे निसर्गोपचार. केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाच्या कार्यकक्षेत येणारी ही मान्यताप्राप्त पद्धती आहे. तथापि, तिच्या नावाचा फलक लावलेल्या प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षित चिकित्सक असेलच, असे नाही. त्यामुळे पहिल्या भेटीतच काही प्रश्न विचारणे आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी संपूर्ण माहिती देणे, या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरतात.

रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड आणि शेजारचा भिलाई पोलाद कारखाना यांमुळे भिलाई-चरोदा परिसरात देशाच्या विविध भागांतील कुटुंबे स्थायिक झाली. त्यांत मराठी भाषकांचाही समावेश आहे. या भागात निसर्गोपचाराला ‘प्राकृतिक चिकित्सा’ असे म्हणतात आणि केंद्रांच्या पाट्यांवर, कागदपत्रांवर हेच हिंदी नाव आढळते. पुढील माहिती चरोदा आणि परिसरातील रुग्णांबरोबरच अन्यत्र राहणाऱ्या मराठी वाचकांनाही उपयुक्त ठरेल.

पुण्याशी असलेले नाते

भारतातील निसर्गोपचाराच्या इतिहासात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र पुण्यात होते आणि महात्मा गांधी यांचा तेथे मुक्काम होत असे. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी अखिल भारतीय निसर्गोपचार प्रतिष्ठान न्यासाची स्थापना झाली व गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. या घटनेच्या स्मरणार्थ २०१८ पासून १८ नोव्हेंबर हा राष्ट्रीय निसर्गोपचार दिन म्हणून पाळला जातो. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे मुक्काम करून ग्रामस्थांवर उपचार केले. त्यातूनच तेथील निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि पुढे मणिभाई देसाई यांनी त्याची धुरा वाहिली. डॉ. मेहता यांच्या केंद्राच्या वास्तूत १९८६ मध्ये राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था सुरू झाली. या संस्थेच्या ‘निसर्ग ग्राम’ या पुण्यातील नव्या संकुलाचे उद्‌घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले.

याच पुण्यात घडलेली आणखी एक घटना नव्या रुग्णांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. निसर्गोपचाराचे कट्टर पुरस्कर्ते असलेले गांधीजी जानेवारी १९२४ मध्ये येरवडा तुरुंगात होते. तेथे त्यांना आंत्रपुच्छाचा तीव्र दाह सुरू झाला. त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले. शस्त्रक्रियेस त्यांनी लेखी संमती दिली आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी ती पार पाडली. मध्येच वीज गेल्याने उर्वरित शस्त्रक्रिया कंदिलाच्या प्रकाशात पूर्ण करावी लागली. ज्या आजारात शस्त्रक्रियेला पर्याय नसतो, तेथे निसर्गोपचाराच्या पुरस्कर्त्यानेही ती स्वीकारली, हे यातून दिसते.

चिकित्सकाची पात्रता कशी पाहावी?

बी.एन.वाय.एस. ही निसर्गोपचार व योगशास्त्राची पदवी आहे. बारावी विज्ञान शाखेनंतरचा हा अभ्यासक्रम एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा असतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र व रोगनिदान हे विषय त्यात शिकविले जातात. काही महिन्यांची प्रमाणपत्रे वा पत्राद्वारे मिळविलेल्या पदविका यांची तुलना या पदवीशी होऊ शकत नाही. म्हणून ‘आपली पदवी कोणती, ती कोणत्या विद्यापीठाची आणि नोंदणी कोठे झाली आहे?’ असे विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये. पात्र चिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

नोंदणीचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांचा समावेश आहे, निसर्गोपचाराचा नाही. परिणामी नोंदणीची व्यवस्था राज्याराज्यांत वेगवेगळी आहे. छत्तीसगडमध्ये ती अविभाजित मध्य प्रदेशात १९७० साली झालेल्या कायद्याच्या आधारे चालते. आयुर्वेदिक, युनानी व प्राकृतिक चिकित्सेसाठीचे राज्य मंडळ रायपूर येथे आहे. चिकित्सकाने सांगितलेला नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा आणि शंका असल्यास मंडळाकडे चौकशी करावी.

आणखी एक साधी खूण आहे. निसर्गोपचारात औषध दिले जात नाही. या नावाखाली कोणी गोळ्या, चूर्णे, नावाची चिठ्ठी नसलेल्या पुड्या किंवा इंजेक्शन देत असेल, तर तो निसर्गोपचार नव्हे. कर्करोग, मधुमेह, अपस्मार यांसह अनेक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. असे दावे छापणाऱ्या केंद्राकडे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सोबत काय न्यावे?

पहिल्या भेटीत चिकित्सक आहार, झोप, शौच, व्यसने, कामाचे स्वरूप आणि पूर्वीचे आजार यांची सविस्तर विचारपूस करतात. त्यास बराच वेळ लागू शकतो. जुने अहवाल, शस्त्रक्रियांची कागदपत्रे आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी. यादीत औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहावी. वेष्टने नेल्यास उत्तम. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि घरगुती औषधेही सांगावीत. आपला आजार हिंदीत नेमका सांगता येत नसेल, तर घरातील जाणत्या व्यक्तीला बरोबर घ्यावे.

बहुतेक उपचार रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर सुमारे तीन तासांनी केले जातात. त्यामुळे भेटीची वेळ ठरवतानाच खाण्यापिण्याविषयी विचारून घ्यावे. सुती, सैल कपडे, पंचा आणि बदलण्याचे कपडे न्यावेत. स्त्री रुग्णांना मालीश व इतर उपचार स्त्री कर्मचाऱ्यांकडूनच मिळतील याची आधी खात्री करून घ्यावी. मासिक पाळीच्या काळात कटिस्नान व एनिमा सामान्यतः टाळले जातात.

उपचारांचे स्वरूप

मातीच्या पट्टीसाठी जमिनीच्या खालच्या थरातील, खत वा घाण नसलेली माती उन्हात वाळवून व चाळून वापरली जाते. ती भिजवून कापडात घालून पोटावर किंवा डोळ्यांवर साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात. कटिस्नानात रुग्ण टबमध्ये अशा रीतीने बसतो, की पाणी बेंबीपर्यंत येते आणि पाय बाहेर राहतात. जर्मनीतील लुई कुने यांनी एकोणिसाव्या शतकात या स्नानाचा पुरस्कार केला आणि त्यांच्या ग्रंथाच्या अनुवादांमधून ते भारतात पोहोचले.

बाष्पस्नान दहा ते पंधरा मिनिटांचे असते. त्यापूर्वी पाणी पाजले जाते व डोक्यावर ओला कपडा ठेवला जातो. या वेळी कर्मचारी जवळ असणे आणि पेटीचे दार आतूनही उघडता येणे आवश्यक आहे. चक्कर, धडधड किंवा गुदमरल्यासारखे वाटल्यास तत्काळ बाहेर यावे. दुर्ग-भिलाईचा उन्हाळा कडक असल्याने एप्रिल ते जून या काळात बाष्पस्नान व सूर्यस्नान याबाबत विशेष दक्षता हवी. सूर्यस्नान केवळ सकाळच्या कोवळ्या उन्हातच घ्यावे. एनिमाची नळी प्रत्येक रुग्णासाठी नवी असावी किंवा निर्जंतुक केलेली असावी, असा आग्रह रुग्णाने धरावा.

उपवास म्हणजे एकादशी नव्हे

मराठी घरांत उपवास म्हटला, की साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस डोळ्यांपुढे येतो. निसर्गोपचारातील उपवासाचा या पदार्थांशी संबंध नाही. येथे पाणी, लिंबू-मधाचे पाणी, शहाळे किंवा फळांचा रस एवढ्यावरच रुग्णाला ठेवले जाते. उपवास सोडतानाही एकदम भरपेट जेवण न देता रस, फळे, पातळ पेज आणि मग साधा आहार असा क्रम पाळला जातो. दीर्घ उपवास देखरेखीशिवाय घरी करणे धोक्याचे आहे.

रसांविषयीही सावध राहावे. दुधी भोपळ्याचा कडू रस प्यायल्याने २०१० मध्ये दिल्लीत मृत्यू झाल्याची घटना घडली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागल्यास त्याचा रस मुळीच पिऊ नये आणि रस प्यायल्यावर त्रास झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे, असा या संदर्भातील सल्ला आहे. या विषबाधेवर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही.

हे आजार असल्यास आधी सांगावे

मधुमेह : इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रेत बदल मूळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.

रक्तदाब व हृदयविकार : औषधे चालू असताना बाष्पस्नानाने रक्तदाब एकाएकी घसरून भोवळ येऊ शकते.

मूत्रपिंडाचा विकार : शहाळे व फळांच्या रसांत पोटॅशियम भरपूर असते. निकामी होत चाललेले मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाच्या ठोक्यांवर गंभीर परिणाम होतो.

रक्त पातळ करणारी औषधे : वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांच्या रसाचे प्रमाण अचानक वाढवल्यास औषधाचा परिणाम कमी होतो.

सिकलसेल : छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही भागांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले. शरीरातील पाणी कमी होणे, अति थंडी आणि अति श्रम यांमुळे या रुग्णांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजेच कडक उपवास, बाष्पस्नान आणि गार पाण्याची स्नाने हे उपचारच त्यांना अपायकारक ठरू शकतात. कुटुंबात हा विकार असल्यास रक्ततपासणी करून घेतल्याशिवाय असे उपचार सुरू करू नयेत.

गर्भवती स्त्रिया, लहान मुले, कृश वृद्ध आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांनीही उपवास, एनिमा व उष्ण उपचार टाळावेत किंवा आपल्या डॉक्टरांच्या संमतीनेच घ्यावेत.

चालू औषधे बंद करू नयेत

वजन, रक्तदाब, मधुमेह, बद्धकोष्ठ आणि पाठदुखी अशा तक्रारींत आहार, व्यायाम व योग यांचा लाभ होऊ शकतो आणि काही रुग्णांची औषधे पुढे कमीही होतात. मात्र हा निर्णय तपासण्यांच्या आधारे, औषधे देणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. क्षयरोगाची औषधे मध्येच सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. अपस्माराची सोडल्यास झटक्यांची मालिका सुरू होऊ शकते. कर्करोगात गमावलेले महिने परत मिळत नाहीत. ‘आधी सर्व औषधे बंद करा, मग उपचार सुरू करू’ असे सांगणाऱ्या केंद्राकडे पुन्हा जाऊ नये.

उपचारांच्या काळात डोके दुखणे, थकवा, जिभेवर पांढरा थर येणे अशी लक्षणे काही वेळा दिसतात. ‘रोग बाहेर पडतो आहे’ असे त्यांचे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बोलण्यात अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, सतत उलट्या, लघवी बंद होणे, उच्च ज्वर किंवा उजव्या बाजूला ओटीपोटात वाढत जाणारी वेदना यांपैकी काहीही झाल्यास हे स्पष्टीकरण मान्य करू नये. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चरोदा येथील रहिवाशांसाठी भिलाईतील सेक्टर ९ येथे पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय, तर रायपूरच्या दिशेने टाटीबंध येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे.

खर्च आणि पावत्या

एका वेळचे शुल्क, अपेक्षित भेटींची संख्या आणि निवासी उपचार असल्यास भोजनासह एकूण खर्च लेखी मागावा. अनेक आठवड्यांचे पैसे आगाऊ भरण्याची घाई करू नये. विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना विमा संरक्षणात इतर उपचारांच्या बरोबरीने स्थान द्यावयाचे आहे. तरीही आपली पॉलिसी आणि निवडलेले केंद्र त्यास पात्र आहे काय, हे दाखल होण्यापूर्वी विमा कंपनीला विचारावे. पैसे घेऊन दिलेला उपचार ही कायद्याने सेवा ठरते आणि सेवेत त्रुटी राहिल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी प्रत्येक पावती, उपचारांची नोंद असलेला कागद आणि चिकित्सकाचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा.