पक्षाघात-पुनर्वसनातील ताई ची

पक्षाघातानंतर शरीराचा तोल सुधारावा म्हणून फिजिओथेरपीच्या जोडीने दिली जाणारी चिनी व्यायामपद्धती. मूळची ही युद्धकला चीनच्या हेनान प्रांतातील चेन घराण्यात १७व्या शतकात रूपाला आली, असे मानतात. पुनर्वसनात बहुधा तिचे छोटे, सोपे क्रमच शिकवतात.

अर्धांगवायूचा रुग्ण उभा राहिला की नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. लुळ्या पायाच्या तळव्याची जाण बोथट झालेली असते, घोट्याचे स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. त्यामुळे वळताना किंवा खुर्चीतून उठताना तो पडतो. ताई चीचा उपयोग होतो तो इथेच. ‘ढगांसारखे हात’ ही हालचाल पाहावी : गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर आळीपाळीने फिरतात, कंबर त्यांच्याबरोबर वळते आणि भार एका पायावरून दुसऱ्यावर अगदी सावकाश सरकतो. पाऊल झटक्यात उरकण्याची सोय नसते. दुबळ्या पायाला भार पेलावाच लागतो. हा संथपणाच खरा उपचार आहे.

हाँगकाँगमध्ये जुन्या पक्षाघाताच्या १३६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२००९) १२ आठवड्यांच्या सरावानंतर रुग्ण तोल न जाता अधिक दूरवर झुकू लागले. उठून, थोडे चालून परत बसण्याच्या चाचणीत मात्र इतर व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ठळक फरक आढळला नाही. घरच्यांना अधिक मोलाचा वाटेल तो अमेरिकेतील १४५ जणांचा अभ्यास (२०१४). आठवड्यातून तीनदा, तासभर ताई ची करणाऱ्या गटात १२ आठवड्यांत पडण्याचे ५ प्रसंग घडले. नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात १५, दुसरा व्यायाम करणाऱ्यांत १४. हे आकडे आशादायक असले तरी लहान आहेत. त्यांवर विसंबून फिजिओथेरपी सोडणे धोक्याचे ठरेल.

उभे राहता न येणाऱ्यांसाठी बसून करायचा प्रकार आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील अभ्यासात त्याने हाताची हालचाल व बसतानाचा तोल सुधारल्याचे दिसले.

सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, भक्कम आधाराजवळ करावी. सोबत्याने दुबळ्या बाजूला उभे राहावे. लुळा हात ओढून वर नेऊ नये, कारण सैल पडलेला खांदा निसटू शकतो. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव सुरू करू नये.