भूकंपीय सर्वेक्षणातील गोंगाट-निवारण : मूळ नोंदीच्या जतनाचा इतिहास

खनिज तेलाच्या शोधार्थ होणाऱ्या भूकंपीय सर्वेक्षणाचा इतिहास बहुधा उपकरणांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात त्यातील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : लेखपटावरील संकेत कोणता आणि गोंगाट कोणता, हे कोणी व केव्हा ठरवावयाचे? गोंगाट काढण्याच्या कोणत्याही एका पद्धतीपेक्षा, तो काढण्याचा निर्णय पुढे ढकलता येऊ लागला, ही या इतिहासातील अधिक निर्णायक घटना होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पद्धतीचे तत्त्व साधे आहे. जमिनीत स्फोट घडवून लहरी निर्माण करावयाच्या, खालच्या खडकांच्या थरांवरून त्या परत येण्यास लागणारा काळ मोजावयाचा व त्यावरून थरांची खोली काढावयाची. अडचण अशी की, परत येणारी लहर अत्यंत क्षीण असते. तिच्याबरोबर भूपृष्ठावरून सरपटत येणाऱ्या प्रबळ लहरी, वारा, रहदारी व थराथरांत पुन्हा पुन्हा आपटून येणारे प्रतिध्वनी हे सर्व एकाच लेखपटावर उमटतात.

जॉन क्लॅरेन्स कार्चर यांनी पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफांचे स्थान त्यांच्या आवाजावरून शोधण्याचे काम केले होते. त्याच अनुभवाच्या आधारे इ.स. १९२१ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात परावर्तन पद्धतीचे पहिले प्रयोग झाले. तेलाचे भाव कोसळल्यामुळे ते काही वर्षे थांबले, परंतु पुढील दशकात ही पद्धत प्रस्थापित झाली. या काळातील गोंगाट-निवारण प्रत्यक्ष क्षेत्रावरच होत असे. अनेक जिओफोन ठरावीक अंतरावर मांडून त्यांचे संकेत एकत्र केले जात, जेणेकरून भूपृष्ठ-लहरी परस्परांस छेदून नाहीशा होतील. विद्युत् गाळण्यांनी नको त्या वारंवारता वगळल्या जात आणि उरलेले छायाचित्रणाच्या कागदावर उमटे. जे गाळले गेले ते कायमचे गेले. गाळणी चुकीची निवडली गेली हे नंतर उमगले, तर पुन्हा स्फोट करण्यावाचून गत्यंतर नसे. इतिहासाच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित वाटू नये. नक्कलकाराने आपल्या समजुतीप्रमाणे संक्षेप करावा व अस्सल कागद फेकून द्यावा, तसाच हा प्रकार होता.

फ्रँक रीबर यांनी इ.स. १९३६ मध्ये पुन्हा वाजविता येईल अशी नोंद फिल्मवर घेण्याची पद्धत मांडली. परंतु तिचा व्यापक प्रसार झाला नाही. एकदा घेतलेली नोंद हवी तितक्या वेळा, वेगवेगळ्या गाळण्यांतून तपासण्याची सोय सर्वत्र झाली ती इ.स. १९५० च्या दशकात, चुंबकीय फितीमुळे.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एंडर्स रॉबिन्सन हे तरुण गणिती भूकंपीय लेखपटांकडे वळले. नॉर्बर्ट वीनर यांनी विमानवेधी तोफांसाठी युद्धकाळात रचलेला, इ.स. १९४९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला कालश्रेणींच्या पूर्वकथनाचा सिद्धांत त्यांच्या हाती होता. पिवळ्या वेष्टनामुळे व दुर्बोध गणितामुळे त्या ग्रंथास अभियंते गमतीने ‘पिवळे संकट’ म्हणत. रॉबिन्सन यांची कल्पना त्या सिद्धांतास जणू उलटी करणारी होती. लेखपटाचा जो भाग आधीच्या भागावरून सांगता येतो तो प्रतिध्वनींचा. जो सांगता येत नाही तोच नव्या थराची वार्ता आणतो. म्हणून पूर्वकथन करावयाचे ते वजा करण्यासाठी. लेखपटांवरील आकडे हाताने वाचून ही आकडेमोड प्रथम साध्या गणनयंत्रांवर व पुढे ‘व्हर्लविंड’ संगणकावर झाली. इ.स. १९५४ च्या त्यांच्या प्रबंधातून पुढे ‘डीकन्व्होल्यूशन’ नावाने रूढ झालेली पद्धत विकसित झाली. समुद्रातील सर्वेक्षणात पाण्याच्या थरात घुमत राहणाऱ्या लहरींवर मिलो बॅकस यांनी इ.स. १९५९ मध्ये सुचविलेला उपायही याच वर्गातील होय.

मात्र या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे. थरांची परावर्तनशीलता यदृच्छया बदलते, असे ती मानते. गाळाचे थर जेथे नियमित आवर्तनाने साचले असतील, तेथे हे गणित खऱ्या थरालाही प्रतिध्वनी समजून पुसू शकते.

हॅरी मेन यांचा मार्ग वेगळा होता. भूगर्भातील एकाच बिंदूवरून, निरनिराळ्या अंतरांवर आलेल्या लहरी कालभेद दुरुस्त करून एकत्र मिळवाव्यात, ही त्यांची सूचना इ.स. १९५० ची. २४ नोंदी मिळविल्या तर संकेत २४ पट होतो, यदृच्छ गोंगाट मात्र सुमारे ४.९ पटच वाढतो. ही बेरीज फितीवर साठविलेल्या नोंदींवाचून व्यवहारात उतरणे कठीण होते. इ.स. १९६० च्या दशकात अंकीय नोंदणी आल्यावर तीच सर्वेक्षणाची सर्वमान्य रीत झाली.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न अधिक बिकट होतो. दख्खनच्या बेसाल्टमधून लहरी वेगाने जातात आणि लाव्हाच्या अनेक थरांमध्ये विखुरतात. येथील गोंगाट बाहेरून येत नाही, तर शोधकानेच सोडलेल्या लहरीतून निर्माण होतो; म्हणून तो बेरजेने फारसा हटत नाही. इ.स. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर, इ.स. १९७० च्या दशकात, राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने गुहागर–चोरोची व केळशी–लोणी या रेषांवर खोल भूकंपीय सर्वेक्षण केले. बेसाल्टखाली नेमके काय आहे याचा पडताळा मात्र शेवटी छिद्रणानेच मिळतो. इ.स. २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या कोयना परिसरातील ३ किलोमीटर खोल विवरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागले. मध्ये गाळाचे खडक आढळले नाहीत.

दरम्यान ‘गोंगाट’ या शब्दाचाच अर्थ पालटला. ज्या भूपृष्ठ-लहरी नष्ट करण्यासाठी जिओफोनची मांडणी केली जात असे, त्यांच्याच विश्लेषणावरून जमिनीच्या वरच्या थरांची दृढता मोजण्याची बहुवाहिनी पद्धत इ.स. १९९९ मध्ये पुढे आली व बांधकामपूर्व तपासणीत रूढ झाली. इ.स. २००५ मध्ये तर सागरी लाटांमुळे पृथ्वीत अखंड चालणाऱ्या सूक्ष्म कंपनांच्या महिनाभराच्या नोंदींवरून, कोणताही स्फोट न करता, कॅलिफोर्नियाच्या भूकवचाचे चित्र काढण्यात आले. भूकंप न झालेल्या दिवसांच्या त्या नोंदी केंद्रांनी निरुपयोगी म्हणून पुसून टाकल्या असत्या, तर हे संशोधन शक्य झाले नसते.