कळलावी आणि औषधाचे माप

श्रोतेहो, मध्यरात्री पायाचा अंगठा एकाएकी ठणकू लागावा, लालबुंद सुजावा, पांघरुणाचा स्पर्शही सोसवू नये, असे दुखणे तुम्ही पाहिले असेल. डॉक्टर त्याला गाऊट म्हणतात. चरकसंहितेतील वातरक्त याच्या पुष्कळ जवळचे. तेथे त्याला ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही म्हटले आहे. आज मात्र तो घर पाहून येत नाही!

मी इतिहास शिकवतो, औषध देत नाही. पण या औषधाचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे कुंपणावर चढलेली, ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी आपल्या ओळखीची. तिचा कंद विषारी. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली. तिकडे युरोपात कोल्चिकम नावाच्या वेगळ्याच वनस्पतीचा कंद गाऊटवर देत. १८२० साली फ्रान्समध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी त्यातले सत्त्व वेगळे काढले. त्यालाच पुढे कोल्चिसीन हे नाव मिळाले. आणि १९१५ साली तेच सत्त्व कळलावीच्या कंदात आढळले! म्हणजे विष तेच, औषधही तेच; फरक मापाचा.

ते माप ठरायला फार काळ गेला. पूर्वी डॉक्टरच सांगत, की दर तासा-दोन तासांनी गोळी घ्या. दुखणे थांबेपर्यंत, नाहीतर जुलाब लागेपर्यंत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रोग्यांना सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम, तर काहींना एका तासात १.८ मिलिग्रॅम औषध दिले. आराम जवळजवळ सारखाच पडला. जुलाब-उलट्या मात्र कमी मात्रेत कितीतरी कमी झाल्या.

तेव्हा मंडळी, कुणी सांगितले म्हणून कळलावीचा कंद उगाळून घेऊ नका. त्यात सत्त्व किती, हे डोळ्यांना दिसत नाही. विषाची परीक्षा कशाला? गोळी दुखणे सुरू होताच घ्यावी, पण डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच. कळ थांबेना म्हणून आणखी एक, असे करू नये. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल, क्लॅरिथ्रोमायसिनसारखे दुसरे औषध चालू असेल, तर आधी सांगावे. चुकून जास्त गोळ्या गेल्याच, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आरंभी नुसते पोट बिघडल्यासारखे वाटते. खरा घात मागाहून होतो.

शिक्षकबंधूंनो, यंदा कळलावी फुलली की मुलांना ती लांबून दाखवा, आणि मापाची ही गोष्टही सांगा.