शाळेचा संगणक, सरकारी लॉगिन आणि मुलांचे फोटो : शाळेतल्या कर्मचाऱ्यांना काय चालतं, काय चालत नाही?

गावातल्या जिल्हा परिषद शाळेत आज एखादा संगणक, कुठं टॅब, कुठं डिजिटल वर्गाचा मोठा टीव्ही आलेला आहे. पण शाळेची खरी माहिती त्या यंत्रात कमी आणि पोर्टलवर जास्त असते. पोराचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर, आई-बापाचा मोबाईल, जात, बँक खातं, हे सगळं यू-डायस प्लस, सरल आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरलं जातं. शिक्षकांचा पगार शालार्थ प्रणालीतून निघतो. म्हणजे शाळेच्या कपाटाची किल्ली जेवढी जपायची, तेवढंच लॉगिन आणि पासवर्ड जपायला हवं. त्यासाठी कुठले नियम आहेत आणि पालकांनी काय बघावं, त्याची ही माहिती.

कोणाला कोणता नियम लागू?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत. संस्थेच्या खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. हे नियम झाले तेव्हा गावात फोनसुद्धा नव्हता. तरी सरकारी वस्तू खाजगी कामाला वापरू नये, गोपनीय माहिती बाहेर देऊ नये, पदाला शोभेल असं वागावं, ही त्यातली तत्त्वं संगणकालाही लागू पडतात.

त्याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० आहे. तो सगळ्यांनाच लागू आहे, मग शिक्षक असो, शिपाई असो की नेट कॅफेवाला. आणि २८ जुलै २०२५ ला राज्य सरकारनं सोशल मीडियाच्या वापराबाबत शासन निर्णय काढला. तो सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक त्यात आले. करारावरचे कर्मचारीही त्यातून सुटलेले नाहीत.

पासवर्ड कोणाचा, जबाबदारी कोणाची?

बऱ्याच ठिकाणी दिसणारं चित्र असं : मुख्याध्यापकांना संगणक जमत नाही, म्हणून लॉगिन एका तरुण शिक्षकाकडं. त्याची बदली झाली की दुसऱ्याकडं. शाळेत रेंज नसली की पासवर्ड चिठ्ठीवर लिहून तालुक्याच्या गावी नेट कॅफेत. तिथल्या संगणकात तो सेव्ह होऊन बसतो. काम होतं, पण पुढं कोणी एखाद्या पोराचं बँक खातं बदललं किंवा नावं वाढवली, तर नोंद मुख्याध्यापकांच्याच लॉगिनवर दिसते. "मी केलं नाही" हे मग त्यांनाच सिद्ध करत बसावं लागतं.

दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही फसवणुकीच्या हेतूनं वापरली, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पोर्टलवरच्या एका नोंदीत किती पैसा असतो, ते २०२५ मध्ये नागपूर विभागात दिसलं. अपात्र लोकांच्या नावे बनावट शालार्थ आयडी काढून पगार उचलल्याच्या आरोपावरून तिथं गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या.

एवढं करता येतं :

- बदली झाली की चार्ज देताना पासवर्डही बदलावा आणि तशी नोंद चार्ज यादीत घ्यावी.
- पोर्टलला जोडलेला मोबाईल नंबर सध्याच्या मुख्याध्यापकांचाच असावा. जुन्या गुरुजींच्या फोनवर ओटीपी जात असेल तर तो आधी बदलून घ्यावा.
- ओटीपी कोणालाच सांगू नये. "शिक्षण विभागातून बोलतोय" म्हणून फोन आला तरी नाही.
- बाहेर काम करावंच लागलं तर "पासवर्ड सेव्ह करू का?" या प्रश्नाला नाही म्हणावं, लॉग आऊट करावं आणि डाउनलोड केलेली फाईल पुसून यावी.

मुलांची माहिती ग्रुपवर नको

केंद्राच्या किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अख्ख्या वर्गाची आधार यादी टाकली, असं सर्रास घडतं. घाईत पडते, पण आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणं कोणाचाही आधार नंबर जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. एकदा ग्रुपवर गेलेली यादी कुठं कुठं फिरते, ते टाकणाऱ्यालाही कळत नाही. यादी लागतच असेल तर ज्याला हवी त्यालाच पाठवावी आणि नको असलेले रकाने काढून पाठवावी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व ठेवलं आहे. मुलांच्या अपार आयडीसाठीही पालकांची संमती घ्यावी लागते. संमतीपत्रावर कोऱ्या सह्या घेणं म्हणजे संमती नव्हे.

फोटोंचंही तसंच. स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, पोषण आहार यांचे फोटो शाळेच्या कामासाठी काढावे लागतात, त्यात गैर काही नाही. पण शिक्षकाच्या स्वतःच्या चॅनेलवर पोरांच्या रील टाकून लाईक मिळवणं, चुकलेल्या पोराची फजिती चित्रित करणं, हे शाळेचं काम नव्हे. एखाद्या पोरावर अत्याचार झाला असेल किंवा पोर पोलीस प्रकरणात सापडलं असेल, तर त्याचं नाव, फोटो, शाळेचं नाव, काहीच पसरवायचं नाही. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पालकांनीही हे ध्यानात ठेवावं, कारण हा नियम फक्त शिक्षकांना नाही.

सोशल मीडियावर शिक्षकांना काय लिहिता येतं?

जुलै २०२५ च्या शासन निर्णयाप्रमाणं :

- स्वतःचं खातं आणि कार्यालयाचं खातं वेगळं ठेवायचं.
- सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही.
- गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकायचे नाहीत.
- प्रोफाईल फोटो सोडून वैयक्तिक खात्यावर शासकीय बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी, इमारत यांचा वापर टाळायचा.
- बंदी असलेलं ॲप वा वेबसाईट वापरायची नाही.
- बदली झाल्यावर कार्यालयाचं खातं पुढच्याच्या ताब्यात द्यायचं.

कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम वापरायला मुभा आहे. शाळेच्या चांगल्या कामाची माहिती द्यायलाही हरकत नाही, फक्त स्वतःची टिमकी वाजवायची नाही.

संगणकावर काय चालतं, काय नाही?

चालतं : पाठाची तयारी, दीक्षावरचे व्हिडिओ दाखवणं, प्रश्नपत्रिका, निकाल, पोर्टलची कामं, प्रशिक्षण.

चालत नाही : शाळेच्या यंत्रावर ऑनलाईन जुगार, सिनेमे डाउनलोड करणं, चोरीचं सॉफ्टवेअर टाकणं, खाजगी क्लासचं किंवा विम्याचं काम, निवडणुकीचा प्रचार. घरच्या पोरांना गेम खेळायला शाळेचा टॅब देणं, हेही त्यातच आलं.

मुलांबाबतचं अश्लील चित्र किंवा व्हिडिओ तर नुसतं शोधणं, बघणं, उतरवून घेणंसुद्धा गुन्हा आहे. कलम ६७-बी प्रमाणं पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे.

हल्ली एआयचा वापर वाढलाय. पाठाचं टाचण, सरावाचे प्रश्न यासाठी तो उपयोगी पडतो. पण पोरांची नावं, गुण, आजारपण अशी माहिती त्यात टाकू नये. केंद्रीय अर्थ मंत्रालयानंही जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन यंत्रांवर अशी साधनं वापरू नका, असं सांगितलं होतं.

दुसरी बाजूही आहे

ज्या शाळेत नेट नाही, वीजबिल थकलंय, तिथं शिक्षक स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या रिचार्जवर माहिती भरतात. मग शाळेची माहिती खाजगी फोनमध्ये राहते, आणि फोन हरवला की तीही जाते. अशा शिक्षकानं फोनला लॉक ठेवावं आणि काम झालं की याद्या फोनमधून काढून टाकाव्यात. पण खरा उपाय शाळेला नेट आणि चालणारा संगणक मिळणं हाच आहे. तो विषय ग्रामपंचायतीनं आणि गावानं लावून धरावा. शिक्षकाच्या हातात मोबाईल दिसला म्हणजे तो टाईमपासच करतोय, असं धरून चालू नये.

पालकांनी काय करावं?

शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत एवढे चार प्रश्न विचारावेत : लॉगिन कोणाकडं आहे? पासवर्ड शेवटचा कधी बदलला? पोरांचे फोटो टाकायला संमती घेतली का? शाळेचे संगणक आणि टॅब साठा नोंदवहीत आहेत का, आणि सध्या कुठं आहेत?

काही चुकीचं दिसलं तर आधी मुख्याध्यापकांशी बोलावं. तिथं भागलं नाही तर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी यांच्याकडं लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पैशाची ऑनलाईन फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन लावावा. बाकी सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. जाताना स्क्रीनशॉट, तारीख, वेळ आणि नंबर जपून न्यावेत. ग्रुपवरचा मेसेज रागाच्या भरात पुढं पाठवू नये आणि पुरावा हातात येईपर्यंत पुसूही नये.